बोळकांडीतली फळी

कारखान्यात त्यांना सगळे कुपीवाले म्हणत. पुढे ते निवृत्त झाले, पण नाव काही निवृत्त झालं नाही. गल्लीतली मंडळीही त्यांना कुपीवालेच म्हणू लागली. लांब चोचीची, तळहातात मावेल एवढी तेलाची कुपी घेऊन दोऱ्याच्या कारखान्यातल्या यंत्रांमधून फिरायचं आणि जिथं कोरडं असेल तिथं दोन थेंब सोडायचे, हे त्यांचं काम. काम साधंच. पण सगळी यंत्रं घडघडत असताना एखाद्या बेअरिंगनं जराशी कुरकुर केली, तर त्या यंत्रावरच्या कामगाराला कळायच्या आधी ती पार पलीकडच्या टोकाला असलेल्या कुपीवाल्यांना ऐकू यायची. नव्या माणसाला ते सांगत, "कुरकुर म्हणजे दोन कोरड्या वस्तूंचं भांडण. मध्ये कुणीतरी मऊ पडलं की मिटतं."

घरीही ते तसेच. बायको होती तेव्हा शेजारणीला म्हणायची, "यांच्याशी भांडायची सोयच नाही. दोन वाक्यांत मऊ पडतात. आमची सगळी तयारी फुकट!"

माणूस बुजरा. कुणाकडे गेले आणि दाराची बिजागरी वाजली की यांच्या कपाळावर आठी उमटे, पण बोलायचा धीर होत नसे. पुढच्या खेपेला मात्र खिशात कुपी असे. निघताना चपला घालायचं निमित्त करून ते दारापाशी जरा रेंगाळत, आणि ते गेल्यावर घरच्यांना कळे की दार आता वाजत नाही.

बायको गेली, एकुलती एक लेक शिकून दातांची डॉक्टर झाली आणि लग्न होऊन लांबच्या मोठ्या शहरात राहू लागली. निवृत्तीनंतर कारखान्याची खोली सोडावी लागली तेव्हा कुपीवाले आपल्या वडिलोपार्जित घरी परतले. तिथं त्यांची थोरली बहीण होती. अक्का.

अक्कानं लग्न केलं नव्हतं. "मला पाहायला आलेले सगळे मी पाहिले, एकही पसंत पडला नाही," एवढंच ती सांगे. घरच्या पुढच्या खोलीत बसून ती काजं-बटणांचं काम करायची. गावातले शिंपी शिवलेले शर्ट गठ्ठ्यानं आणून टाकत आणि अक्का त्यांना काजं करून, बटणं लावून देई. पुढे तिची नजर अधू होत गेली. इतकी हळूहळू, की नक्की कधीपासून ते तिलाही सांगता आलं नसतं. आता तिला उजेड-अंधार कळे, समोर कुणी उभं आहे हे कळे, पण कोण ते बोलल्याशिवाय कळत नसे. डॉक्टरांनी हात टेकले होते. अक्कानं मात्र हात टेकले नव्हते. काजं सुटली, खिडकीपाशीचं शिवणयंत्र सरळ शिवणीपुरतंच उरलं, पण बटणं ती बोटांनी चाचपून अजून लावत होती, आणि घरभर अशी भराभरा फिरायची की नवख्या माणसाला तिच्या डोळ्यांचा संशयही येऊ नये.

घर चढावरच्या गल्लीत होतं. खाली रस्त्याकडची पुढची खोली, मागे स्वयंपाकघर, दोन्हींना जोडणारी अंधारी बोळकांडी, बोळकांडीतूनच वर जाणारा जिना आणि वर दोन खोल्या. भिंती विटांच्या, बाकी सगळं लाकूड. हे लाकूड कुठून आलं ही त्या घरातली सगळ्यांत लाडकी गोष्ट होती. कारखाना उभा राहत होता तेव्हा यंत्रं परदेशातून मोठमोठ्या खोक्यांत आली. ती उतरवून घेणाऱ्या हमालांत आजोबा होते. यंत्रं आत गेली आणि खोकी बाहेर पडून राहिली. साहेब म्हणाला, "या लाकडाचं काय करायचं आता?" आजोबा म्हणाले, "घर." साहेबाला वाटलं गडी थट्टा करतोय. तो हसून म्हणाला, "मग घेऊन जा." आजोबांनी खरंच नेलं. म्हणजे कुपीवाल्यांनी जन्मभर ज्या यंत्रांना तेल घातलं, ती ज्या खोक्यांतून आली त्याच खोक्यांत त्यांचा जन्म झाला होता.

आजोबा हमाल होते, सुतार नव्हते. हे घर पाहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नसे.

लेक सुट्टीला आली ती एकदा पुढच्या खोलीत चालत असताना कोपऱ्यातल्या फळीतून तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. लागलं नाही फारसं, पण ती खाली बसली, फळी उचकटली, बॅटरी घेऊन आत डोकावली आणि पेशंटला सांगावं तसं म्हणाली, "बाबा, वरून चांगलं दिसतंय, पण आतून किडलंय. तुळई गेलीय."

"भरून घेऊ की," कुपीवाले म्हणाले.

"हे भरायचं काम नाही. आज माझा पाय गेला, उद्या आत्याचा गेला तर?" ती अक्काकडे वळली. "आत्या, तू माझ्याकडे चल. बाबा, तुम्हीही. पाचवा मजला आहे, लिफ्ट आहे, सगळं गुळगुळीत."

"लिफ्टला बटणं असतात ना?" अक्का म्हणाली. "मग जमेल मला. बटणांतच जन्म गेलाय."

"थट्टा नको गं."

"थट्टा कुठं? खरंच जमेल."

पण हे म्हणताना तिनं मांडीवरच्या शर्टाची कॉलर मुठीत घट्ट धरली होती. ते कुपीवाल्यांनी पाहिलं, आणि जन्मात कधी नव्हे ते मध्ये बोलले. "तू पुढच्या सुट्टीला येशील ना, तोवर मी घर नीट करतो. एकूण एक. मग तू बघ, आणि तुला पटलं तर अक्का इथंच राहील."

"आणि नाही पटलं तर?"

"तर तू म्हणशील तसं."

"ठरलं," लेक म्हणाली. "येताना रिकामी बॅग घेऊनच येते. आत्याच्या कपड्यांसाठी."

ती गेल्यावर त्यांनी बहिणीला विचारलं, "अक्का, खरं सांग. तुला जायचंय का?"

अक्का बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. मग म्हणाली, "या घरात मला दिसतं रे."

कुपीवाल्यांना वाटलं, आहे आपली माया. माणसं बोलतात असं.

दुसऱ्याच दिवशी ते मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री म्हणजे गल्लीच्या तोंडाशी राहणारा सुतार: अंगानं अघळपघळ, कानावर पेन्सिल, आणि काम बघायला आला की आधी काम करणाऱ्याच्या पूर्वजांचा उद्धार करायची सवय. घरभर फिरून तो म्हणाला, "कुपीवाले, तुमच्या आजोबांनी घर बांधलं नाही, घर आपोआप पडायचं थांबवलं."

काम सुरू झालं. पुढच्या खोलीच्या फळ्या उचलल्या तर त्यांच्या पोटाकडच्या बाजूंवर काळ्या रंगानं छापलेली अक्षरं आणि बाण निघाले. खोक्यावर असतात तसे: 'ही बाजू वर'. प्रत्येक फळीवरचा बाण जमिनीत तोंड खुपसून बसलेला.

"म्हणजे अख्खं घर उलटं ठोकलंय," मिस्त्री पोट धरून हसला.

कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेली अक्का म्हणाली, "आजोबांना वाचता येत नव्हतं. आणि आलं असतं तरी त्यांनी खोक्याचं ऐकलं नसतं. बायकोचंही ऐकत नसत."

ती रोज अशी येऊन बसे, भुश्शात आणि धुळीत. नको म्हटलं तरी ऐकत नसे. मिस्त्री एकेका दुखण्याला हात घाली आणि अक्का त्या दुखण्याची जन्मकथा सांगे.

तो कोपऱ्यातली तुळई बदलायला घेई, तर ही म्हणे, "ही खोली कोपऱ्याकडे कललीय ती मी लहान होते तेव्हापासून. बटण पडलं की घरंगळत तिथंच जायचं. आई म्हणायची, शिंप्याच्या घरात बटणं हरवतात, आमच्या घरात बटणं जमतात."

तो जिन्याची झिजलेली पायरी काढी, तर ही म्हणे, "तिसरी ना? बाबा तिच्यावर बसून बूट घालायचे. टाचा आपटून आपटून खड्डा पडलाय. कारखान्याचा भोंगा झाला की धाड धाड, आणि मग आम्ही उठायचो."

स्वयंपाकघराचं दार खालून जमिनीला घासे. त्याचा तळ रंधून मोकळा केला, तर ही म्हणे, "पावसाची झड लागली होती त्या वर्षी फुगलं, आणि पुन्हा कधी बारीकच झालं नाही. आपल्या मामीसारखं."

आणि बोळकांडीच्या मधोमध, जिन्याच्या पायथ्याशी, एक फळी होती. तिच्यावर पाय पडला की ती कुर्रर्र असा लांबलचक सूर काढायची. कुपीवाल्यांना ती लहानपणापासून सहन होत नव्हती.

"ती मांजरीची फळी," अक्का म्हणाली. "शेजारची मांजर पिलं घालायला खालून घरात शिरली आणि अडकली. बाबांनी फळी उचलून तिला पिलांसकट काढलं आणि फळी परत ठोकली. खिळे कमी पडले म्हणून एक बाजू तशीच ठेवली. म्हणाले, पुन्हा मांजर शिरली तर उचलायला बरी."

"आता शिरणार नाही," कुपीवाले म्हणाले. मिस्त्रींनी ती फळी काढली, कुपीवाल्यांनी खालच्या तुळईला तेल पाजलं आणि मिस्त्रींनी तिथं नवी, जाडजूड, स्क्रूनं आवळलेली फळी बसवली. कुपीवाल्यांनी तिच्यावर उभं राहून पाहिलं, उडी मारून पाहिली. चूं नाही की चां नाही. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मिस्त्री म्हणाला, "अहो, पोरीचं लग्न जमलं तरी इतका आनंद होत नाही माणसाला."

अक्का गोष्टी सांगत होती आणि कुपीवाले काम करत होते. ती आठवणी काढतेय असंच त्यांना वाटत होतं. ती रस्ता सांगत होती हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. सगळ्या घरातली भांडणं एकदाची मिटवायची, एवढाच ध्यास त्यांनी घेतला होता. मिस्त्री गेल्यावर त्यांनी स्वतः कुपी घेतली आणि प्रत्येक बिजागरी, कडी, खिडकीचा अडसर यांना तेल दिलं. स्वयंपाकघरातला नळ वर्षानुवर्षं ठिबकत होता, त्याचा वायसर बदलला. जिन्याला पक्का कठडा बसवला. शेवटी पायात मोजे घालून ते घरभर फिरले. घर गप्प होतं. चांगलं चालणारं यंत्र असतं तसं.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"छान," अक्का म्हणाली. "मेहनत केलीस."

बस, एवढंच. कुपीवाले थोडे खट्टू झाले. कौतुकाचे चार शब्द जास्त मिळतील असं त्यांना वाटलं होतं. पण मागायचे कसे?

त्यानंतर अक्का बदलली. सकाळी खुर्चीत बसायची ती उठायचीच नाही. पूर्वी दिवसातून दहादा वर-खाली करणारी बाई, आता "अरे, वरची शाल आण ना," "अरे, पाणी देतोस का" असं म्हणू लागली. कुपीवाले हौसेनं करत होते. त्यांना वाटलं, दमलीय. धुळीत बसली इतके दिवस. मग वाटलं, रुसलीय. रुसण्याजोगं आपण काय केलं ते मात्र सापडेना.

एकदा ते बाहेरून आले तर अक्का पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून जमीन चाचपत होती. बटण पडलं होतं. ते खोलीच्या मधोमध, तिच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर पडलेलं होतं, जिथं पडलं तिथंच. त्यांनी उचलून तिच्या हातात दिलं. तिनं ते मुठीत धरलं आणि चाचपत खुर्ची गाठली.

आणि मग लेक यायला आठवडा उरला असताना, दुपारी ते वर पडले होते तेव्हा खालून हाक आली.

"अरे, मी कुठं आहे?"

तिच्या आवाजात नेहमी थट्टा असे, तशीच ही हाकही त्यांना वाटली. त्यांनी वरूनच हसून म्हटलं, "आपल्याच घरात! आणखी कुठं?"

"हसू नकोस. घरात आहे एवढं मलाही ठाऊक आहे. घरात कुठं?"

ते धावत खाली आले. अक्का बोळकांडीत उभी होती. एक हात भिंतीला, दुसरा पुढे हवेत. एक पाऊल उजवीकडे टाकलं असतं तर जिन्याच्या कठड्याचा कोपरा कपाळात बसला असता. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला अशी हात पुढे करून उभी असलेली कधी पाहिली नव्हती. आंधळ्या माणसासारखी.

त्यांनी तिला धरून स्वयंपाकघरात नेलं, बसवलं, पाणी दिलं. तिनं पेला दोन्ही हातांत धरला.

"तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही," ती म्हणाली. "तू घर झकास केलंस. पण ते मुकं केलंस रे. ती मांजरीची फळी कुरकुरली की मला कळायचं, इथून डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे जिना. बाबांच्या बुटांच्या खड्ड्यात पाय गेला की कळायचं किती पायऱ्या राहिल्या. नळ ठिबकायचा म्हणजे ओटा तिकडे. दार घासलं की कळायचं तू आलास. आता मला काहीच कळत नाही. कुणी दुसऱ्याच्या घरात आणून सोडल्यासारखं झालंय."

कुपीवाल्यांना तेव्हा ते वाक्य आठवलं. या घरात मला दिसतं रे.

"मग पोरीकडे जाते मी," अक्का म्हणाली. "तिच्याकडची लिफ्ट बोलते म्हणे. कुठला मजला आला ते सांगते. निदान ती तरी बोलेल." मग जरा थांबून, जुन्या सवयीनं, तिनं टोमणा मारलाच. "सगळ्या घरात तेल घातलंस. माझ्या डोळ्यांत तेवढं घालायचं राहिलं."

तिला हसू आलं. त्यांना आलं नाही. ते उठले, चपला घातल्या आणि थेट मिस्त्रींच्या दारात गेले.

"मिस्त्री, ती फळी परत बसवायची."

"कुठली?"

"बोळकांडीतली. वाजणारी."

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली, पाहिली, परत कानावर ठेवली. "कुपीवाले, बरं वाटत नाही का तुम्हाला? आयुष्यभर लोक माझ्याकडे येतात ते वाजतंय म्हणून. वाजत नाही म्हणून आलेले तुम्ही पहिलेच."

कुपीवाल्यांनी सांगितलं. अडखळत, पण सगळं. मिस्त्री ऐकत गेला आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "अरेरे," तो म्हणाला. "आणि मी त्या बाईसमोर बसून एकेक खूण उपटून काढली. ती सांगत होती आणि मी हसत होतो." मग डोकं खाजवत म्हणाला, "फळी आहे. पण एक पंचाईत आहे. तिची आमच्याकडे मांडणी झालीय. डबे ठेवायला. घरच्यांनी मांडलेत वर."

मिस्त्रींची बायको कमरेवर हात ठेवून आधीच दारात आली होती. "लोकांची फळी घरात आणलीत तेव्हा मी काही बोलले का? नाही ना? मग आता ती नेताना मी बोलणार. नवी मांडणी झाल्याशिवाय एक डबा हलणार नाही."

"अगं, सुताराच्या घरात फळ्यांना काय तोटा?"

"सुताराच्या घरात आजवर एक मांडणी झाली, तीसुद्धा दुसऱ्याच्या फळीची!"

शेवटी कुपीवाल्यांनी स्वतःच्या घरातली, म्हणजे बोळकांडीत बसवलेली नवी कोरी फळी तिला द्यायचं कबूल केलं तेव्हा डबे उतरले. खाली काळा बाण होताच. फळी हीच, यात शंका नव्हती.

पण फळी परत बसवणं निराळं आणि ती वाजणं निराळं. मिस्त्रींनी नवी फळी काढून ती जागेवर ठेवली, बाबांसारखीच एक बाजू मोकळी सोडून ठोकली. कुपीवाले वर उभे राहिले. काहीच नाही.

"रुसलीय," मिस्त्री म्हणाला.

अक्का खुर्ची घेऊन बोळकांडीच्या तोंडाशी बसली होती. "हळू दाब. टाचेनं नको, चवड्यानं."

फळी 'टिक' अशी वाजली.

"ही ती नाही. ही पालीसारखी बोलतेय."

एक खिळा सैल केला. "आता?"

"आता बदक."

मिस्त्री घामाघूम झाला. "अक्का, खिळा आणखी सैल केला तर फळी उडून तुमच्या भावाच्या नाकावर बसेल."

"बसू दे. नाक लांबच आहे त्याचं."

तेव्हा कुपीवाले जमिनीवर आडवे झाले, फळीला कान लावला आणि मिस्त्रींना म्हणाले, "तुम्ही चाला." मिस्त्री तिच्यावरून गेला, आला. कुपीवाल्यांचा कान अजून कारखान्यातलाच होता. त्यांना कळलं. फळी कोरडीच होती, ती ज्या तुळईवर टेकत होती ती कोरडी नव्हती. त्यांनीच तिथं तेल पाजलं होतं, सढळ हातानं. भांडायला समोर कुणीच नव्हतं.

त्यांनी सोड्याचं गरम पाणी केलं आणि फडक्यानं तुळई पुसली. आपलंच तेल. एकदा, दोनदा, लाकूड पांढरं पडेपर्यंत. जन्मभर जिथं मऊपणा घातला तिथून तो खरवडून काढताना त्यांचा हात थोडा जड झाला होता, पण थांबला नाही. तुळई वाळू दिली. दुसऱ्या दिवशी फळी परत ठेवली. मिस्त्री म्हणाला, "या वेळी तरी बाण वर करून ठोकू का? खोक्यावर लिहिलंय तसं?"

"उलटीच," अक्का आणि कुपीवाले एकदमच म्हणाले.

कुपीवाल्यांनी चवडा टेकवला. कुर्रर्र.

अक्का खुर्चीतून उठली, भिंतीला हात न लावता चालत आली, फळीवर पाय ठेवला. कुर्रर्र. डावीकडे वळून ती सरळ स्वयंपाकघरात गेली. आतून तिचा आवाज आला, "चहा टाकतेय. मिस्त्री, साखर किती?"

बाकीचं सोपं झालं. पण सगळंच काही परत आणलं नाही. कोपऱ्यातली तुळई बदलणं भागच होतं; ती कुजलेली होती आणि लेकीचं म्हणणं खरं होतं. ती खोली आता सपाटच राहणार. अक्कानं त्यावर स्वतःच तोड काढली. खुर्चीखाली जुनं घोंगडं अंथरलं, म्हणजे बटण पडलं तर त्यावरच राहील. तिसऱ्या पायरीला मिस्त्रींनी पटाशीनं उथळ खड्डा कोरला. अक्कानं पाय ठेवून पाहिला आणि म्हणाली, "बाबांच्या बुटाचा नंबर एवढा मोठा नव्हता, पण चालेल." कठडा तिला आवडला. "हा मात्र राहू दे. याला धरलं की म्हातारी झाल्यासारखं वाटतं, पण बरं वाटतं." नळाचा वायसर कुपीवाल्यांनी थोडासा ढिला केला. स्वयंपाकघराच्या दाराला खालून मिस्त्रींनी लाकडाची पट्टी ठोकली. ते पुन्हा घासू लागलं.

लेक आली ती हातात रिकामी बॅग घेऊनच. आल्या आल्या तिनं बॅटरी काढली. पुढच्या खोलीची तुळई पाहिली, टकटक वाजवून पाहिली. कठडा हलवून पाहिला. कुपीवाले मागे मागे फिरत होते.

बोळकांडीत तिचा पाय फळीवर पडला. कुर्रर्र.

"बाबा, ही एक राहिली वाटतं. तुम्ही असून? जरा तेल द्या ना."

ते काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून अक्काचा आवाज आला. "बोळकांडीत पोचलीस का? उजवा पाय टाकलास आत्ता. डावीकडे ये, पण खांद्यावरची पिशवी सांभाळ, दाराला अडकते."

लेक थबकली. खांद्यावर पिशवी होती खरी. चालताना तिची कडी वाजत होती. ती स्वयंपाकघरात आली. अक्का ओट्यापाशी उभी राहून, नळाच्या थेंबांवर कान ठेवून, कपात चहा ओतत होती. बोटाचं टोक काठाला लावून. एक थेंब सांडला नाही.

"आत्या," लेक म्हणाली, "मला शाल दे ना गं. वरची, कपाटातली." आणि ती दाराच्या चौकटीला टेकून नुसती बघत राहिली.

अक्का निघाली. फळी वाजली, जिना वाजला, तिसऱ्या पायरीवर तिचा पाय एक क्षण रेंगाळला आणि पुढे गेला. वरचं कपाट उघडल्याचं ऐकू आलं. ती खाली आली तेव्हा शाल घडी करून हातावर होती, आणि श्वासही वाढलेला नव्हता.

लेकीनं बापाकडे पाहिलं. बाप जमिनीकडे पाहत होता.

"बाबा, त्या फळीला तुम्ही मुद्दाम तेल दिलं नाहीत?"

"दिलं होतं," ते म्हणाले. "काढलं."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं खुर्ची ओढली, बसली आणि चहाचा कप उचलला. "मग ही बॅग मी रिकामीच नेऊ?"

"रिकामी कशाला?" अक्का म्हणाली. "तुझ्या नवऱ्याच्या शर्टांची बटणं नेहमी तुटलेली असतात. पुढच्या वेळी त्या शर्टांनी भरून आण."

तिघंही हसली. कुपीवाल्यांचं हसणं नेहमीप्रमाणे बिनआवाजी होतं.

संध्याकाळी पोस्टमन आला. अंगणाचं फाटक करकरलं; घराच्या धांदलीत तेल द्यायचं ते तेवढं राहून गेलं होतं. कुपीवाल्यांचा हात आपोआप खिशातल्या कुपीकडे गेला आणि ते उठले.

"त्याला हात लावायचा नाही!" अक्का आतून ओरडली. "पोस्टमन आलेला कळतो मला त्यानं."

ते हातात कुपी घेऊन अंगणात उभे राहिले. सगळं घर कुरकुरत होतं, आणि त्यांना एकाही ठिकाणी परवानगी नव्हती.

"अरे, असा उभा का?" अक्का म्हणाली. "माझं शिवणयंत्र जड चालतंय. त्याला घाल की."

ते पुढच्या खोलीत गेले, खिडकीपाशी बसले आणि यंत्राचं झाकण उघडलं. इथं दोन थेंब, तिथं एक. चाक हातानं फिरवून पाहिलं. अक्का शेजारी येऊन उभी राहिली, कान देऊन. चाक फिरत होतं, हलकं, काही न बोलता.

"हां," ती म्हणाली. "हे गप्पच बरं."